भेट, दगा आणि साक्ष

महाड सोडून सावित्रीच्या वरच्या अंगाला निघालेला रस्ता पोलादपुरास आला की दोन वाटांना फुटतो. एक वाट कशेडीचा घाट चढून खेड-चिपळुणाकडे जाते आणि दुसरी आंबेनळीच्या घाटाने सह्याद्रीला बिलगत, प्रतापगडाच्या अंगाखालून महाबळेश्वराच्या पठारावर पोहोचते. या दुसऱ्या वाटेच्या तोंडाशी, पोलादपुरातच, कवींद्र परमानंदाची समाधी आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून ज्याने ‘शिवभारत’ हे संस्कृत महाकाव्य रचले, आणि १६५९ च्या मार्गशीर्षात या घाटाच्या माथ्याजवळ घडलेल्या प्रसंगाची सर्वांत सविस्तर हकीकत ज्याच्या लेखणीतून आपल्यापर्यंत आली, त्याचे हे विश्रांतिस्थान. प्रतापगड पाहावयास निघालेला प्रवासी बहुधा घाटाच्या ओढीने येथून तसाच पुढे निघून जातो. घटनास्थळ पाहण्यापूर्वी त्या घटनेच्या निवेदकाची ओळख करून घ्यावी, असे त्याला कोणी सुचवीत नाही, याची खंत वाटते.

सावित्री आणि कोयना या दोन्ही नद्या महाबळेश्वराच्या एकाच डोंगरात उगम पावतात. पहिली पश्चिमेस झेपावून पोलादपूर-महाडावरून बाणकोटच्या खाडीस मिळते, दुसरी दाट अरण्यातून जावळीच्या खोऱ्याने दक्षिणेस वळते. या दोन खोऱ्यांच्या सीमेवर, अवघ्या चार वर्षांच्या आत, दोनदा असे घडले अशी परंपरा सांगते की, सौजन्याचा सर्व विधी यथासांग मांडला गेला, पाहुणे ठरल्या जागी आले, कुशल विचारले गेले, आणि त्या विधीच्या मध्यावर कट्यार चालली. एकदा तो विधी सोयरिकीच्या बोलण्याचा होता, दुसऱ्यांदा भेटीचा. या दोन प्रसंगांविषयी आपल्याकडे कथन विपुल आहे, अभिमान विपुल आहे, निंदाही काही कमी नाही. परंतु न्यायासनापुढे जशी एकेक साक्ष वेगळी काढून तपासतात तशी तपासणी सामान्य वाचकापर्यंत क्वचितच येते.

इंग्रज समाजात पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात खुनाचा एक खेळ लोकप्रिय झाला होता. सुटीसाठी कोणा श्रीमंताच्या गावाकडील वाड्यात जमलेल्या मंडळींत चिठ्ठ्या टाकून एकास गुप्तपणे खुनी ठरवायचे, दिवे मालवायचे, त्याने गाठलेल्या गड्याने मेल्याचे सोंग घेऊन पडून राहायचे, आणि दिवे लागल्यावर इतरांनी उलटतपासणी करून गुन्हेगार हुडकून काढायचा, असा तो खेळ. न्यूझीलंडच्या नायो मार्श या लेखिकेने १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पहिल्याच कादंबरीत असे दाखविले की, दिवे लागल्यावर पडलेला गडी उठलाच नाही. अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांनीही १९५६ च्या एका कादंबरीत जत्रेतील अशाच लुटुपुटीच्या शोधाच्या शेवटी खरे प्रेत ठेवले. अशा कथांचे मर्म खुनी कोण यापेक्षा दुसऱ्याच एका प्रश्नात असते: जमलेल्यांपैकी कोणाला हा खेळ वाटत होता, आणि खेळ संपला आहे हे कोणाला आधीच ठाऊक होते? जावळी आणि प्रतापगड यांच्या बाबतीत मला विचारावासा वाटतो तो हाच प्रश्न.

त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी सतराव्या शतकातील भेटीचा शिरस्ता समजून घेतला पाहिजे. दोन परस्परविरोधी सरदारांची गाठ पडणे ही त्या काळी सहजासहजी घडणारी गोष्ट नव्हती. प्रथम हेजीब जाई. तो धन्याचा निरोप सांगे, पण निरोपाहून अधिक तो डोळ्यांनी पाही, आणि परतल्यावर दुसऱ्याच्या छावणीतील घोडे, माणसे, दाणावैरण यांची बातमी धन्यास देई. मग उलट बाजूचा वकील येई. त्याची बडदास्त, त्याला दिलेली वस्त्रे, त्याच्याशी एकांतात झालेले बोलणे या साऱ्यांतून दोन्ही पक्ष एकमेकांचे अंतःकरण जोखीत. कौल दिला जाई; शपथक्रिया होई; मराठी मुलखात बेलभंडाऱ्याची शपथ आणि मुसलमान सरदारांकडून कुराणावरील हात यांवर पुष्कळांनी आपले प्राण सोपविले आहेत. कधी ओलीस मागितला जाई. त्यानंतर जागा, दिवस, प्रहर, बरोबरच्या माणसांची संख्या, त्यांनी किती अंतरावर उभे राहावयाचे, हत्यार कोणते बाळगावयाचे, या प्रत्येक कलमावर घासाघीस चाले. सर्व अटी मान्य झाल्यावर जो क्षण येई तो उराभेटीचा. आणि या संपूर्ण शिष्टाचारातील सर्वांत धोक्याचा क्षणही तोच, कारण आलिंगनात दोघांचेही हात क्षणभर दुसऱ्याच्या पाठीमागे, दृष्टिआड असतात. भेटीच्या अटी जितक्या बारकाईने लिहिल्या जात, तितकीच त्यांमागची परस्परांविषयीची शंका खोल असे, हे ध्यानात ठेवावे. ज्यांच्यात विश्वास आहे ते अंगरक्षक मोजीत नाहीत.

आता जावळीकडे वळू. मोरे हे आदिलशाहीचे जुने मनसबदार. चंद्रराव हा त्यांचा पिढीजात किताब. त्यांचा अंमल घाटमाथ्यावरून खाली कोकणात उतरून थेट रायरीपर्यंत, म्हणजे आजच्या महाड तालुक्यातील रायगडापर्यंत पोहोचलेला होता, आणि कोकणातून देशावर चढणाऱ्या या भागातील घाटवाटा त्यांच्या मुठीत होत्या. महाडच्या बंदरात खाडीने आलेला माल बैलांच्या पाठीवर घाट चढे तेव्हा त्याची जकात कोणी घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या हाती जावळी त्याच्या हाती होते. स्वराज्य दक्षिणेस आणि पश्चिमेस वाढावयाचे तर हा दरवाजा उघडणे भाग होते. यात कोणाचे दुमत नाही.

दुमत आहे ते दरवाजा कसा उघडला याविषयी. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेने जिंजीस, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, जी बखर लिहिली, तिच्यात असे येते की, महाराजांनी रघुनाथ बल्लाळास निवडक तरवारबहाद्दर लोक देऊन हेजिबीस पाठविले. त्याने चंद्ररावाशी एकांत मागितला आणि त्या एकांतात चंद्रराव व त्याचा भाऊ सूर्याजीराव यांजवर कट्यारेचे वार करून तो निसटला. मोऱ्यांचा हणमंतराव चतुर्बेटास होता. त्याच्याकडे महाराजांकडून संभाजी कावजी गेला, सोयरिकीचे बोलणे काढून एकांतात बसला, आणि तेथेही तोच प्रकार झाला. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासात हे सर्व धागे एकत्र विणून सोयरीक थेट चंद्ररावाच्या कन्येची आणि वर प्रत्यक्ष शिवाजी महाराज अशी कथा सांगितली. जदुनाथ सरकारांनी १९१९ च्या आपल्या चरित्रात तिच्यावर कठोर नैतिक निर्णय दिला. आणि अशा रीतीने सोयरिकीच्या बहाण्याने झालेला खून ही गोष्ट इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांच्या मनात पक्की बसली.

याच्या समोर दुसऱ्या साक्षी ठेवून पाहाव्यात. जेधे शकावली, जी लोकमान्य टिळकांमुळे १९१६ साली अभ्यासकांच्या हाती आली, ती शके १५७७ च्या पौषात, म्हणजे जानेवारी १६५६ मध्ये, महाराजांनी जावळी घेतली एवढेच कोरडेपणाने नोंदविते; तिच्यात ना सोयरीक आहे ना एकांत. उलट जेध्यांच्याच कागदांवरून असे दिसते की, जावळी पडल्यावर चंद्रराव रायरीस जाऊन राहिला, महाराजांनी रायरीस वेढा घातला, आणि पुढे गुंजण मावळच्या हैबतराव सिळिमकरांच्या मध्यस्थीने चंद्रराव गडाखाली उतरला. मोऱ्यांच्या घराण्याच्या बखरीतही लढाई होऊन मग रायरी, असाच क्रम आहे. ज्याचा पौषात जावळीच्या एकांतात खून झाला, तो माणूस वैशाखात रायरीवरून मध्यस्थ घालून खाली उतरू शकत नाही. या दोन हकीकतींपैकी एक सोडावी लागते, आणि शेजारच्या मावळात राहून स्वतः त्या मोहिमेत गेलेल्या घराण्याची तिथीवार नोंद सोडून, कर्नाटकात वेढ्यात बसून चाळीस वर्षांपूर्वीचे आठवणाऱ्या वृद्ध कारकुनाची हकीकत धरावी असे मला वाटत नाही. सभासद खोटे बोलतो असे माझे म्हणणे नाही. तो निष्ठावंत, सरळ आणि पुष्कळदा अचूक लेखक आहे. पण त्याची हकीकत वाचताना एक गोष्ट नजरेत भरते: हेजिबी, एकांत, कट्यार आणि संभाजी कावजी ही जी सामग्री जावळीच्या कथेत आहे, तीच पुढे प्रतापगडाच्या कथेतही आहे. माझा समज असा की, दुसरा प्रसंग इतका प्रचंड गाजला, गोंधळ्यांच्या तोंडी इतका खेळला, की त्याच्या सावलीने पहिल्या प्रसंगाची आकृती हळूहळू बदलली, आणि जे बहुतांशी युद्धाने झाले ते सांगणाऱ्यांच्या स्मृतीत भेटीच्या डावाने झाल्यासारखे उरले. हणमंतरावाचा प्रसंग तेवढा खरा असू शकेल. त्याला बाधक असे काही जेध्यांच्या कागदांत नाही. चंद्ररावाचा शेवटही पुढे शस्त्रानेच झाला आणि त्याचे मुलगे मारले गेले, याविषयी साधने तपशिलात भिन्न असली तरी मुद्द्यावर एक आहेत. तेव्हा जावळी रक्ताशिवाय मिळाली असे कोणी मानू नये. ते रक्त पाहुणचाराच्या बैठकीवर सांडले की रणात, एवढाच वाद आहे, आणि तो वाद क्षुल्लक नाही.

प्रतापगडचा प्रसंग याच्या अगदी उलट. तेथे साक्षी इतक्या आहेत की त्यांच्या गर्दीतच सत्य गुदमरते. आदिलशाही सरदार अफझलखान विजापुराहून निघाला तो वाईस येऊन थांबला. वाईची सुभेदारी त्याने पूर्वी केलेली असल्याने हा मुलूख त्याला परका नव्हता. १६ जून १६५९ चे आदिलशाही फर्मान कान्होजी जेध्यांस गेले होते, आणि त्याचा आशय असा की शिवाजीचा बीमोड करण्यासाठी खानास नेमले आहे, तुम्ही त्यास सामील होऊन कामगिरी बजावा. कान्होजी ते फर्मान घेऊन आपल्या मुलांसह महाराजांपुढे उभे राहिले. खंडोजी खोपडे खानाकडे गेला. मोऱ्यांपैकी प्रतापरावही खानाच्या छावणीत होता. जावळीची जुनी जखम अशी या मोहिमेत भरून येण्याची वाट पाहत होती.

वाटाघाटी सुरू झाल्या त्या शिरस्त्याप्रमाणेच. खानाकडून कृष्णाजी भास्कर आले, महाराजांकडून पंताजी गोपीनाथ गेले. महाराजांनी आपण घाबरलो आहोत, वाईस येण्याचे धैर्य होत नाही, खानसाहेबांनीच जावळीस यावे, आम्ही सर्व मुलूख त्यांच्या हवाली करू, असे कळविले. आणि खान रडतोंडीच्या घाटाने अरण्यात उतरून कोयनेकाठी पार येथे तळ देऊन राहिला. मोरो त्रिंबक पिंगळ्यांनी नुकताच बांधून पुरा केलेला प्रतापगड वर उभा होता. गडाच्या अंगाखाली मोकळ्या जागी भेटीसाठी शामियाना उभारण्यात आला, तो जवाहीर, गालिचे, लोड-तक्के यांनी इतका सजविला की ती सजावट पाहून खानाने विस्मय व्यक्त केला, असे सांगतात. अटी ठरल्या. शिवभारताप्रमाणे दोघांनीही दहा-दहा रक्षक आणावेत आणि त्यांनी बाणाच्या टप्प्यावर उभे राहावे. सभासदाच्या म्हणण्याप्रमाणे खान प्रथम मोठा जमाव घेऊन निघाला; पंताजींनी आडवे होऊन इतके लोक पाहून राजा बिथरेल असे सांगितले तेव्हा ते मागे राहिले. सय्यद बंडा या पटाईताला दूर ठेवण्याची मागणी महाराजांनी शामियान्याजवळ थांबून केली. असे एकेक कलम पाळले जात होते, आणि प्रत्येक कलमाबरोबर दोन्ही पक्ष आपापल्या मनात काहीतरी पक्के करीत होते.

मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १५८१, गुरुवार, १० नोव्हेंबर १६५९. भर दुपारी ती उराभेट झाली. परमानंद सांगतो की खानाने विश्वास दाखविण्यासाठी आपली तरवार सेवकाच्या हाती दिली, गोड बोलत महाराजांची मान धरली आणि दुसऱ्या हाताने कुशीत कट्यार खुपसली. महाराजांनी ती चुकवून आपल्या शस्त्राने त्याचे पोट फाडले. सभासद सांगतो की महाराजांच्या अंगात चिलखत होते आणि हातांत वाघनखे व बिचवा. खानाने मुंडी कवटाळून जमदाडेचा वार केला, तो चिलखतावर खरखरला, मग महाराजांनी दोन्ही हत्यारे चालविली. सय्यद बंडाचा वार महाराजांच्या रक्षकांपैकी जिवा महालाने अडविला. पालखीत घालून नेल्या जाणाऱ्या खानाचे मस्तक संभाजी कावजीने उतरविले. याच्या उलट खाफीखानासारख्या मोगल बखरकारांच्या मते महाराजांनीच प्रथम वार केला, आणि ग्रँट डफ त्याच मताचा अनुयायी झाला.

या सर्वांहून मला मोलाची वाटते ती एका परक्याची साक्ष. घटनेला बरोबर एक महिना झाला असता, १० डिसेंबर १६५९ रोजी, राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आपल्या वरिष्ठांस पत्र लिहितो. त्याला ना खानाचा पुळका ना महाराजांचा; त्याची चिंता मिरी, कापड आणि उधारी यांची. तो लिहितो त्याचा सारांश असा की, खानाच्या फौजेने शिवाजी हटणार नाही हे ओळखून विजापूरच्या राणीनेच खानास मैत्रीचे सोंग करण्याचा सल्ला दिला. खानाने तसे केले. आणि दुसऱ्या पक्षानेही, कोणी बातमी दिली म्हणून की नुसत्या संशयाने हे कळत नाही, तसेच सोंग केले. महाराजांनी आपल्या मातोश्रींस ओलीस पाठविले असेही तो लिहितो, ज्याला मराठी साधने दुजोरा देत नाहीत. यावरून बाजारातील बातमी त्याच्या कानी कशी मिसळून आली असेल हे दिसते. परंतु त्याच्या पत्राचा गाभा निर्विवाद आहे: ताज्या घटनेविषयी लिहिणाऱ्या तटस्थ माणसाला दोन्ही बाजूंनी सोंग घेतले होते याविषयी शंका नव्हती. महाराजांच्या संशयाला कारणही होते: खानाने १६३९ साली शिरे येथील राजा कस्तुरीरंगास अभय देऊन बोलावून मारल्याची जी हकीकत आहे, ती महाराजांच्या कानी गेली नसेल असे मानणे कठीण आहे.

पहिला वार कोणाचा, या प्रश्नावर शंभर-सव्वाशे वर्षे वाद झाले. पहिला वार खानाचा, हे मराठी साधनांचे एकमुखी सांगणे मला ग्राह्य वाटते, कारण चिलखतावर खरखरलेल्या शस्त्राचा तपशील कल्पनेने सुचणारा नव्हे. त्यात प्रसंगाचा स्पर्श आहे. पण माझ्या मते त्या वारावर निर्णय अवलंबून ठेवण्याचे कारण नाही. शामियान्यात दोघे उभे राहिले तेव्हा जंगलात नेताजी पालकर आणि मोरोपंत यांच्या तुकड्या जागा धरून बसल्या होत्या, गडावरून तोफेचा इशारा ठरलेला होता, आणि विजापुरात फर्मान लिहून कित्येक महिने झाले होते. खेळ संपला आहे हे त्या दोघांनाही ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते पारच्या तळावर स्वयंपाकाला लागलेल्या शिपायांना, हत्तींच्या माहुतांना, खानाच्या मुलांना. तोफ झाली आणि झाडीतून मावळे उतरले तेव्हा त्यांच्यासाठी भेटीचा दिवस एका क्षणात रणाचा दिवस झाला. खानाचा मुलगा फाजलखान निसटला तो खंडोजी खोपडे आणि प्रतापराव मोरे यांच्या आधाराने, या अरण्यातील चोरवाटा ठाऊक असलेल्या माणसांच्या मागे मागे. ६५ हत्ती आणि ४००० घोडे हाती लागल्याचे सभासद नमूद करतो. शरण आलेल्यांस अभय मिळाले, जखमींची व्यवस्था झाली, आणि खानाची कबर गडाच्या पायथ्याशी बांधली गेली. वैर मृत्यूबरोबर संपते या धर्माचे पालन त्या काळी झाले, हे अभिमानाने सांगण्याजोगे आहे.

पुराव्याची वस्तू म्हणून आज जी लोकांना आठवते ती वाघनखे. शिवभारतात ती नाहीत, सभासदात आहेत. साताऱ्यास १८१८ ते १८२२ या काळात राजकीय अधिकारी असलेल्या ग्रँट डफच्या घराण्याकडून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेलेली वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. तीच त्या दिवशीची वाघनखे हे सिद्ध करणारा पुरावा आपल्याजवळ नाही असे खुद्द लंडनच्या संग्रहालयाने म्हटले आहे, आणि त्याचा हा प्रामाणिकपणा आपण मोकळ्या मनाने स्वीकारला पाहिजे. प्रतापगडाचा पराक्रम एका हत्यारावर टांगलेला नाही.

आणखी एक साक्ष आहे, ती गाणाऱ्यांची. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा हा उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना समजला जातो; जिजाऊसाहेबांच्या सांगण्यावरून तो रचला गेला आणि शाहिरास घोडा व सोन्याचा तोडा मिळाला असे त्यातच आले आहे. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला त्यात तो समाविष्ट झाला, आणि डफ-तुणतुण्याच्या साथीने पिढ्यानुपिढ्या ऐकलेली ही कथा शिक्षितांच्याही हाती पडली. महाड-पोलादपूरच्या खोऱ्यांत आजही दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात, त्याच्या पायथ्याशी शामियाना उभारतात आणि मातीचे दोन पुतळे उराभेटीस उभे करतात. खऱ्या रक्ताचा प्रसंग अशा रीतीने खेळ झाला. तो खेळ पुन्हा खरा होईल असे कोणास वाटले नव्हते; पण १८९७ साली सरकारने तसाच आरोप ठेवला.

रायगड तेव्हा जंगल खात्याच्या ताब्यात होता. महाराजांच्या समाधीची दुरवस्था पाहून जेम्स डग्लससारख्या इंग्रज लेखकानेही १८८३ साली खेद व्यक्त केला होता. १८९५ मध्ये टिळकांनी ‘केसरी’तून जीर्णोद्धाराची चळवळ उभारली, आणि १५ एप्रिल १८९६ रोजी रायगडावर पहिला शिवाजी-उत्सव झाला. त्यासाठी ठिकठिकाणची मंडळी महाडास उतरून, पाचाडावरून गड चढली. पुढच्या वर्षी, १२ जून १८९७ रोजी, पुण्यास राज्याभिषेकोत्सव झाला. त्यात प्राध्यापक भानूंनी अफझलखानाच्या वधावर व्याख्यान दिले, आणि अध्यक्ष या नात्याने टिळकांनी असा विचार मांडला की, क्षणभर महाराजांनीच खानास मारण्याचा बेत केला असे गृहीत धरले तरी अशा थोर पुरुषांची कृत्ये दंडसंहितेच्या मापाने मोजावयाची नसतात, गीतेच्या कसोटीवर पाहावयाची असतात. १५ जूनच्या ‘केसरी’त हा वृत्तान्त छापून आला.

पुण्यात त्या वेळी प्लेगच्या बंदोबस्ताने लोक पिळून निघाले होते. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या सरकारी बंगल्यावर व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव साजरा झाला. दीपोत्सव, मेजवानी, आतषबाजी सर्व यथास्थित पार पडले. आणि त्या मेजवानीहून परतत असता प्लेग समितीचा अध्यक्ष रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैस मरण पावला. ऐतिहासिक खुनावरील एका चर्चेनंतर दहा दिवसांनी हा खरा खून झाला, एवढी सांगड सरकारला पुरेशी वाटली. २७ जुलैस टिळकांना मुंबईत पकडण्यात आले. सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे राजद्रोहाचा खटला चालला, आणि महाडच्या गडावरून सुरू झालेल्या उत्सवातील भाषणे, प्रतापगडची भेट आणि त्या भेटीचा नैतिक न्याय हे सर्व भाषांतरित होऊन मुंबईच्या जूरीपुढे पुरावा म्हणून ठेवण्यात आले. रँडच्या खुनाशी टिळकांचा संबंध असल्याचा आरोप औपचारिकरीत्या नव्हता, तरी न्यायालयाच्या हवेत तोच दाटलेला होता. न्यायमूर्तींनी सरकारविषयीच्या अप्रीतीचा अर्थ प्रीतीचा अभाव असा लावला. सहा युरोपीय जूरर दोषी म्हणाले, तिघे हिंदी निर्दोष म्हणाले. १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

या खटल्याची हकीकत वाचताना मला प्रत्येक वेळी वाटते की, १६५९ च्या वादात जी चूक दोन्ही बाजूंचे अभिमानी करतात तीच चूक येथे सरकारने केली. शामियान्यात काय घडले ते पाहण्याऐवजी ते लोक पहिल्या वारावर अडून बसतात. आणि चापेकरांच्या मनात प्लेगच्या शिपायांनी काय पेटविले ते पाहण्याऐवजी सरकार दहा दिवसांपूर्वीच्या व्याख्यानावर अडून बसले. उत्सवात अफझलखानाचा वध हा चर्चेचा विषय होता, संदेश नव्हता. भानूंनी साधने तपासली होती, टिळकांनी नीतीचा सिद्धांत मांडला होता. घराघरात शिरून देवघरापर्यंत झडती घेणाऱ्या सोजिरांना पाहिलेल्या माणसाला गोळी झाडण्यासाठी सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या भेटीचे निमित्त लागत नाही.

तरीही सरकारचे मत बदलले नाही. १९१८ साली रौलट समितीने हिंदुस्थानातील क्रांतिकारक कटांचा जो अहवाल सादर केला, त्याचे पहिले प्रकरण मुंबई इलाख्याचे आहे, आणि त्या प्रकरणाच्या आरंभीच गणपती-उत्सव, शिवाजी-उत्सव आणि रायगडावरील समाधीच्या जीर्णोद्धाराची चळवळ यांची हकीकत येते.